सतराव्या गासडीतलं कापड

१

सतराव्या गासडीत कांबळ्याचा तुकडा सापडला, ही बातमी घेऊन शनिवारी सकाळी पुलापलीकडचा माणूस स्वतः आला. तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण जड आहे. पलीकडची माणसं लेसोथोत, आमच्या डोंगरापर्यंत, सहसा येत नाहीत. त्यांना यावं लागत नाही. आमचंच सगळं पूल ओलांडून दक्षिण आफ्रिकेत जातं. लोकर जाते, धरणाचं पाणी जातं, खाणीत खपायला पुरुष जातात. त्या पुलावर मी एकतीस वर्षं जकातीचे शिक्के मारले, त्यामुळे काय काय गेलं हे मला कोणी सांगायला नको.

पाहुण्याचं नाव ब्रिट्स. बंदरावरच्या ज्या लिलावघरात आमची लोकर विकली जाते, तिथला तो तपासनीस. माणूस सभ्य. टोपी काढून त्याने आमच्या मुखियांना, मोरेना लेत्सिकांना, नमस्कार केला आणि पाकिटातून तो तुकडा काढून टेबलावर ठेवला. वीतभर लांबरुंद, गडद तांबडा, मधून एक काळी पट्टी.

गावच्या लोकरीच्या शेडसमोर जमलेले लोक दोन पावलं मागे सरले. आमच्या अंगोरा बकऱ्यांची लोकर पांढरीशुभ्र असते. तिच्यात एक तांबडा धागा गेला तरी गिरणीत रंग चढवताना तो उघडा पडतो. म्हणून कांबळं पांघरून शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही, असा सक्त नियम आहे. बाहेर भिंतीला वीस खुंट्या आहेत. तिथे कांबळी टांगायची, मग आत जायचं. आणि ही सतरावी गासडी तर पिल्लांच्या पहिल्या कातरणीची, म्हणजे खोऱ्यातला सगळ्यात उंची माल.

ब्रिट्सने शांतपणे काय ते सांगितलं. यंदापासून नवा नियम आहे. एका गासडीत घाण निघाली की त्या शेडचा सगळा माल थांबतो. आमच्या बेचाळीस गासड्या बंदरावर थांबल्या होत्या. हे शेडच्या निष्काळजीपणामुळे झालं असेल, तर शेडचं नाव तीन वर्षं यादीतून बाद होणार आणि लोकरीची प्रत लावणाऱ्या बाईंचा ठसा काढून घेतला जाणार. पण कोणा एकाने मुद्दाम केलं असेल आणि त्याचं नाव कबुलीसकट मंगळवारी दुपारपर्यंत मिळालं, तर फक्त ते नाव बाद होईल.

"मला नाव द्या," तो म्हणाला. "मी बाकी सगळं सोडवतो."

प्रत लावणारी बाई म्हणजे सेल्वाने. माझ्या मेलेल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. पलीकडे जाऊन, त्यांच्या भाषेत परीक्षा देऊन ठसा मिळवणारी खोऱ्यातली पहिली बाई. ती भिंतीला टेकून उभी होती आणि ठसा तिने मुठीत आवळून धरला होता. मला ते बघवेना. मोरेना माझ्याकडे वळून म्हणाले, "लेबुसा, तू आयुष्यभर दुसऱ्यांची बोचकी उघडलीस. आता हे उघड."

२

ब्रिट्सची गाडी वळणाआड जाते न जाते तोच लोकांनी चोर ठरवून टाकला. ब्रिट्सच! भाव पाडायला त्यांनीच तिकडे तुकडा खुपसला, दुसरं काय? मलाही ते पटून घ्यायला फार आवडलं असतं. पण एकतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलोय. भाव पाडायला त्यांना युक्ती लागत नाही. ते नुसता भाव सांगतात. आम्हाला दुसरा बाजार नाही आणि दुसरा रस्ताही नाही, मग कापडं खुपसायचे कष्ट ते कशाला घेतील?

शिवाय ब्रिट्सने गासडी उघडतानाचे फोटो आणले होते. तोंडाची शिवण शाबूत होती. टाके सेल्वानेचे, वर तिचा ठसा. म्हणजे ट्रकमध्ये किंवा वाटेत कोणी हात घातलेला नव्हता. तुकडा शिवणीच्या आधी, इथेच, आमच्या शेडमध्ये आत गेला होता. आणि सापडला होता तोंडापासून जेमतेम हातभर खाली.

मी मोत्लात्सीला बोलावलं. गासडीत उभं राहून पायांनी लोकर तुडवायचं काम त्याचं. आडदांड माणूस, पण त्या दिवशी बिचारा अर्धा झाला होता. गासडी भरली त्या दिवसाचा सगळा हिशोब मी त्याच्याकडून वदवून घेतला. सतरावी गासडी सकाळी सुरू झाली. दुपारच्या जेवणापर्यंत ती तोंडापासून हातभर भरायची उरली होती. जेवण झाल्यावर वरचा थर भरला, दाबला आणि गासडी शिवली.

म्हणजे जेवणाच्या वेळी ती उघडी होती.

"तेव्हा शेडमध्ये कोण होतं?"

"आम्ही चौघं तुडवणारे आणि म्मे सेल्वाने. म्हणजे, आम्ही हात धुवायला नळावर गेलो होतो. पण परकं माणूस कोणी आत आलं नाही, न्ताते. मी शपथेवर सांगतो." आमच्याकडे आदराने पुरुषाला न्ताते म्हणतात, बाईला म्मे.

"पोत्लाको?"

मोत्लात्सीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पोत्लाको हा खाजगी व्यापारी. दारोदार फिरून कमी भावात लोकर उचलतो आणि त्याच पुलावरून नेऊन विकतो. त्या दिवशी तो दारापर्यंत आला होता, टोमणे मारत उभा राहिला होता, पण मोत्लात्सीने त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं.

नवा नियम कोणाकोणाला ठाऊक होता, हेही मी विचारलं. तो म्हणाला, शेडमधल्या प्रत्येकाला. सेल्वानेने कागद आत भिंतीवर चिकटवला होता आणि रोज सकाळी सगळ्यांकडून म्हणून घेत होती, शाळेतल्यासारखा. इंग्रजी कागद होता, म्हणून तिने आमच्या भाषेत पाठ करून घेतला होता.

जाता जाता मी सहज विचारलं, त्या दिवशी जेवायला काय होतं?

"पापा आणि मोरोहो," तो म्हणाला. मक्याचा घट्ट लापशीगोळा आणि पाल्याची भाजी, रोजचंच. "वारा फार होता ना, म्हणून आत बसून जेवलो."

त्याने सांगितलं ते खरं होतं. त्यात काय राहून गेलं होतं, हे त्या क्षणी माझ्याही ध्यानात आलं नाही.

३

पोत्लाको त्याच्या दुकानापुढे पिकअपचा टायर बदलत होता. मला बघून तो खुशीत हसला. त्याच्या दृष्टीने सण होता. शेड तीन वर्षं बंद म्हणजे सगळं खोरं त्याच्या दारात.

मी त्याला सरळच विचारलं. त्याने पाना खाली ठेवला आणि हात पुसले.

"मला चोर म्हणा, न्ताते लेबुसा. लोक म्हणतातच. पण मूर्ख म्हणू नका. मला शेड बुडवायची असती, तर मी कांबळं बारीक कातरून दहा गासड्यांत मुठी मुठी पेरलं असतं. सात पिढ्या वेचत बसले असते. हा काय, अख्खा रुमाल घडी घालून ठेवलाय! चिमटीत धरला की बाहेर. लोकरीला काही झालंय का? विचारा त्या ब्रिट्सला."

"नवा नियम तुला ठाऊक होता?"

"मीच तर दारात उभा राहून त्यांना चिडवत होतो, एक धागा निघाला की सगळे उपाशी म्हणून. वाचता येतं मला." मग त्याचं हसू जरा मावळलं. "खरं सांगू? मला वाटतं ज्याने हे केलं त्याला नियम ठाऊकच नव्हता."

पोत्लाकोला मी वीस वर्षं ओळखतो, आणि त्याला इतकं शहाणं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. मला त्याचा रागच आला. मी टायरला लाथ घालून निघून आलो.

४

रविवारी चर्चहून आल्यावर मी तो तुकडा घेऊन अंगणात उन्हात बसलो. शनिवारी सगळ्यांनी रंग बघितला होता. कडा कोणी बघितल्या नव्हत्या.

चारही कडांना पांढऱ्या धाग्याने शिवण घातली होती. टाके इतके बारीक आणि जवळजवळ, की तांबड्या लोकरीचा एक तंतूसुद्धा सुटणं शक्य नव्हतं. दुकानातून घेतलेलं कांबळं असं नसतं. कोणीतरी तुकडा कापून मग तासभर बसून तो कडेने बांधून काढला होता. ज्याला लोकर नासवायची आहे, तो हे कशाला करेल?

मग मी धाग्याचं एक टोक सोडवलं आणि काडी लावली. पुलावर आम्ही नेहमी हेच करायचो, लोकरीच्या नावाखाली नायलॉन नेणाऱ्यांना पकडायला. नायलॉन वितळतं, सूत कागदासारखं जळतं. हा धागा आक्रसला आणि केस जळल्याचा वास आला. तो कापसाचा नव्हता, दुकानातलाही नव्हता. पिल्लाच्या लोकरीचा होता, हाताने कातलेला. म्हणजे ज्याने तुकडा शिवला, त्याने धागासुद्धा असा निवडला की गासडीत परकं काही जाऊ नये.

एवढ्यात सेल्वाने आली. दोन दिवसांत तिचे डोळे खोल गेले होते. मी तुकडा तिच्यापुढे धरला. तिने अंगठा आणि तर्जनीमध्ये धागा घोळवला, जसा ती लोकरीचा प्रत्येक पुंजका घोळवते, आणि तिचा चेहरा उतरला.

"मालोमे," ती म्हणाली. आमच्याकडे मामाला असंच म्हणतात. "हा पीळ उलटा आहे. डावऱ्या हाताचा."

मला बाकी काही ऐकायची गरज उरली नाही. खोऱ्यात आता चरखा आणि चाती चालवणाऱ्या आठच बाया उरल्यात. त्यांची म्होरकी म्मे मापुलेंग, आणि ती डावरी. आणि शेडमध्ये रोज दुपारी पापाचं भांडं डोक्यावरून घेऊन येणारी बाईही तीच. मोत्लात्सी शपथेवर म्हणाला होता की परकं कोणी आत आलं नाही. बरोबरच आहे. जेवण आणणारीला कोण परकं म्हणतं? एरवी ती भांडं बाहेरच ठेवते. त्या दिवशी वारा होता, म्हणून आत आली. पुरुष नळावर गेले, सेल्वाने पाठमोरी प्रत लावत होती, गासडी उघडी होती. भिंतीवरचा इंग्रजी कागद तिला वाचता येणार नव्हता आणि सकाळचा पाठ तिच्या कानावर पडलेला नव्हता.

सेल्वाने खाली बसली. ती चार वर्षांची असल्यापासून तिला मांडीवर घेऊन, डोळे मिटायला लावून, कुठली लोकर पिल्लाची आणि कुठली म्हाताऱ्या बकरीची हे बोटांना शिकवलं होतं ते मापुलेंगनेच. परीक्षेचा ठसा पलीकडच्यांनी दिला, पण हात मापुलेंगने दिला होता.

"तू जा," ती म्हणाली. "मला जाववणार नाही."

५

सोमवारी सकाळी मापुलेंग दारातच बसली होती. सत्तरीची बाई, ताठ. मला बघून तिने वाडग्यात ताक ओतलं. नमस्कार झाले, गुडघ्यांची दुखणी झाली, मग मी तुकडा काढून चटईवर ठेवला.

तिने नाकारलं नाही. उलट हात लांबवून कडेचे टाके तपासले.

"कुठे सुटलं नाही ना?"

"नाही."

"मग ठीक. माल खराब झाला नाही."

तिने सगळं सांगितलं, लपवण्यासारखं काही नसल्यासारखं. दोन वर्षं ती शेडकडे एक गासडी मागत होती, विकत. आठ बाया कातायला तयार होत्या. शाली विणायच्या होत्या आणि तिच्या अकरा म्हाताऱ्या बकऱ्यांची जाड लोकर त्याला चालत नव्हती. शेडने प्रत्येक वेळी हात वर केले. करारच तसा होता, सगळा माल बंदरावर गेला पाहिजे, एक मूठ इथे ठेवायची नाही. पूर्वी नाकारलेली गासडी परत यायची आणि मग ती इथेच विकता यायची, हे तिला ठाऊक होतं. तिच्या तरुणपणी दोनदा आली होती. तेव्हा तिने ठरवलं, की एक गासडी नाकारली जाऊ दे.

"माझ्या नवऱ्याचं कांबळं होतं ते," ती म्हणाली. "तो खाणीत गेला आणि तिकडेच राहिला. कांबळं तेवढं परत आलं. तेही तिकडच्याच गिरणीतलं. आपण आपलं म्हणून पांघरतो ते. आपलीच लोकर असेल त्यात, कोणाला ठाऊक! पन्नास वर्षं मी बघतेय, सगळं त्या पुलावरून जातं. मला एक, फक्त एक गासडी परत आलेली बघायची होती."

मग मी तिला नवा नियम सांगितला. बेचाळीस गासड्या. तीन वर्षं. सेल्वानेचा ठसा.

तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही, आणि लिहायचंही नाही. मी म्हातारा जकातवाला, हजारो लोकांना पकडलंय, पण त्या दिवशी मला पकडल्याची लाज वाटली. मनात आलंही, की पाकीट घेऊन उठावं आणि काही कळलं नाही म्हणून सांगावं. पण मग सेल्वानेचं काय झालं असतं?

"ती पोर माझ्याशी बोलेल का रे?" मापुलेंगने विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, माहीत नाही.

ती उठली आणि खुंटीवरचं तिचं कांबळं काढलं. "मंगळवार कशाला? आजच चल."

६

पुलापलीकडेच मुक्कामाला असलेला ब्रिट्स पुलाच्या मधोमध आला. मापुलेंगकडे पासपोर्ट नव्हता. सत्तर वर्षांत तिला तो कधी लागला नव्हता. तिने स्वतःच सगळं सांगितलं, मी भाषांतर केलं. तिने कसलीही सबब पुढे केली नाही. कागदावर तिने अंगठा उठवला आणि त्याखाली शेडच्या वतीने सही करायला सेल्वानेला पुढे यावं लागलं. "मापुलेंगच्या बकऱ्यांची लोकर यापुढे कोणत्याही शेडने घेऊ नये," असं त्यात लिहिलं होतं. सेल्वानेने ते दोनदा वाचलं.

"कर सही," मापुलेंग तिला म्हणाली. "तुझा ठसा वाचतोय, कर."

सेल्वानेने सही केली. मापुलेंगकडे तिने बघितलं नाही.

ब्रिट्सने शब्द पाळला. एक्केचाळीस गासड्या बुधवारच्या लिलावाला सुटल्या. माणूस वाईट नव्हता हे मी पुन्हा सांगतो. त्या सोमवारी पुलावर तो पाठ फिरवत असताना मी त्याला विचारलं, सतरावी गासडी परत कधी पाठवणार?

तो गोंधळला. "परत? परत नाही पाठवत आता. नाकारलेला माल आम्हीच कमी भावात काढतो तिकडे. शेडच्या करारातच आहे, तिसऱ्या ओळीत."

हे मी मापुलेंगला भाषांतर करून सांगितलं नाही. पण तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला समजलं असावं, कारण घरापर्यंत ती एकदाही पुलाकडे वळून न बघता चालली.

७

त्यानंतर सहा महिने सेल्वाने मापुलेंगच्या दारावरून नमस्कार न करता जायची. आमच्याकडे नमस्कार न करणं म्हणजे माणूस मेल्यात जमा. मापुलेंगने शेडमध्ये जेवण न्यायचं बंद केलं. तिच्या अकरा बकऱ्यांची लोकर झोपडीत पोत्यांत पडून होती. बाया आठच्या पाच झाल्या, कारण तिघींच्या नवऱ्यांना भीती वाटली की आपलंही नाव बाद होईल. गावकी तिच्याशी वाईट वागली असं म्हणवत नाही. तिचं पाणी कोणी तोडलं नाही. पण लोक तिच्याशी बोलताना पुलाकडे बघून बोलत.

मग पुढची कातरणी आली. मी मापुलेंगच्या अंगणात बसलो होतो, माझ्या मोज्यांसाठी लोकर मागायला, कारण माझे पाय हल्ली गार पडतात. वाटेवरून सेल्वाने येताना दिसली. पाठीवर पोतं. मला वाटलं, नेहमीसारखी निघून जाईल. ती आत आली. नमस्कार न करताच पोतं मापुलेंगपुढे धाडकन टाकलं आणि पोत्याचं तोंड उघडलं. आत तिच्या स्वतःच्या सात बकऱ्यांच्या पिल्लांची लोकर होती, प्रत लावून, थर वेगळे करून.

"ही मी शेडला देत नाही," ती फणकारली. "माझी आहे, मला द्यायची तिथे देईन. मी शेडचा करार वाचलाय, तिसरी ओळ वाचलीय आणि नववीही वाचलीय. ज्याने माल शेडमध्ये आणलाच नाही, त्याला तो लागू नाही."

मापुलेंग पोत्याकडे बघत राहिली. तिने हात आत घातला, डोळे मिटले, एक पुंजका बोटांत घोळवला.

"पहिल्या प्रतीची आहे," ती म्हणाली.

"ते मला सांगू नकोस. काय भाव देणार ते सांग."

आता मापुलेंग अडकली. तिने माझ्याकडे बघितलं. मी एकतीस वर्षं त्या लोकरीवर शिक्के मारले होते, पण भाव कसा ठरवतात हे मलाही ठाऊक नव्हतं. भाव नेहमी बंदरावरून यायचा, कागदावर, आठवड्याने. कोणी आम्हाला कधी विचारलाच नव्हता. मग मापुलेंगने बोटांवर काहीतरी जुळवलं. पाच बाया, किती दिवस कातणार, एका शालीला किती धागा, वाटेने जाणारे पाहुणे किती देतील. मधेच दोनदा चुकली आणि पुन्हा सुरुवात केली. शेवटी तिने घसा खाकरून एक आकडा सांगितला.

"कमी आहे," सेल्वाने म्हणाली.

"कमी? तुझी लोकर काय सोन्याची आहे?"

"तूच शिकवलीस मला ती ओळखायला. आता बदलू नकोस."

मापुलेंगचा आवाज चढला, सेल्वानेचाही चढला. शेजारच्या बाया कुंपणापाशी जमल्या. मी ताकाचं वाडगं घेऊन जरा बाजूला सरकलो. आमच्या खोऱ्यात दोन माणसं पहिल्यांदाच भावावरून भांडत होती, आणि मला ते मोडायचं नव्हतं.